अर्धी दाढी

दिंद्रुडच्या मामांच्या सलूनमध्ये कटिंग-दाढीच्या दरांखाली लाल रंगात एक ओळ आहे: 'मायबहिणीवरून शिवी दिल्यास काम आहे तिथं थांबेल.' यातलं 'आहे तिथं' मामा काटेकोर पाळतात. शिवी कानावर पडली की वस्तरा गळ्याशीच थबकतो. मग मामा तो शांतपणे पुसतात, ब्लेड काढून कागदात गुंडाळतात, गळ्याचा कपडा सोडून झटकतात. "उठा." पैसे घेत नाहीत. वस्तरेवाल्याशी हुज्जत कोण घालणार?

'गाढवा', 'बैला' चालतं. राबत्या जनावराच्या नावात कमीपणा कसला, असं त्यांचं म्हणणं.

धंदेवाल्यानं गिऱ्हाइकाला नाही म्हणू नये, असं कुणी सुनावलं की मामा घटनेवर येतात. "जात बघून दुकानातून हाकलायला कलम 15 आडवं येतं. तोंड बघून नाही!" पुढं सौंदाळा. नेवासा तालुक्यातल्या त्या गावानं 2024 मध्ये ग्रामसभेत असल्या शिवीला 500 रुपये दंड ठरवला; "मी तर फुकट सोडतो." तरीही समोरचा बधला नाही तर थेट 1890. मुंबईच्या नाभिकांनी तेव्हा कामगारनेते नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं सभा घेऊन विधवांचं केशवपन करायला नकार दिला होता. "नाही म्हणणं आमच्या धंद्यातच आहे."

2024 च्या लोकसभेनंतर बीड जिल्ह्यात स्टेटसवरून भांडणं लागली, तेव्हापासून मामा कपडा बांधायच्या आधी मोबाईलही बघतात. "तोंडातली शिवी वाऱ्यावर जाती. स्टेटस चोवीस तास ऱ्हातंय." हे जरा जास्तच होतं, पण माझी दाढी तिथंच होते, म्हणून गप्प बसतो.

परवा उसाच्या एका ट्रॅक्टरवाल्याची जीभ रस्त्यातल्या खड्ड्यावरून घसरली. उठवला. शेजारच्या दुकानदारानं दुसऱ्याचं अर्धं काम घेतलं नाही. अर्ध्या तासानं तो परत आला. एका गालावर फेस वाळून पापुद्रे सुटलेले.

"चुकलं, मामा."

"मला काय सांगतूस? जिच्यावरून शिवी दिली तिला फोन लाव. स्पीकरवर."

त्यानं लावला. "माय, जेवलीस का?"

"मुडद्या, कुठं उलथलास? बैलं सकाळपासून उपाशी हायेत! तुझ्या तोंडाला लागली आग!"

सलूनमध्ये सगळे मामांकडं बघायला लागले. मामांनी नवं ब्लेड घातलं, त्याची मान हलकेच मागं टेकवली.

"त्यांना सूट आहे," ते म्हणाले.