भोरचा चढाईपटू, वेल्ह्याचा कॉर्नर आणि अण्णांचा पुतण्या

माननीय अण्णा,
संघ-कारभारी, आमचं कबड्डी मंडळ,
हिरडस मावळ, तालुका भोर.



आधी आपलं जाहीर अभिनंदन. चेलाडी फाट्यावर मिसळीत दुसऱ्यांदा तर्री पडेपर्यंत आपण गावाचा एकोणीस वर्षांचा चढाईपटू वेल्ह्याच्या संघाला देऊन मोकळे झालात आणि त्यांचा तेहतीस वर्षांचा डावा कॉर्नर पदरात पाडून घेतलात. वर सात टी-शर्ट. त्यांच्या छातीवर तोरण्याचं चित्र आहे, पण रोहिड्याच्या पायथ्याच्या माणसाने एवढं बारकाईने बघू नये. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला सरकारला किती वर्षं लागली, किती ठराव झाले! तुम्ही एका पोराचा तालुका एका मिसळीत बदललात.

पोराला हे कळलं लावणीच्या चिखलात, दुसऱ्याच्या मोबाइलवरून. त्याला विचारायचं राहून गेलं, एवढंच. तुमच्यामागे कामं काय कमी असतात!

मी मंडळाचा गुणलेखक. भात निघालं की खाचरात भुसा टाकून, पाणी मारून मैदान तयार होतं, त्यावर फक्की मारणारा मीच. त्यामुळे खेळातलं मला फार कळतं असं तुम्ही कधीच मानलं नाही. पण गुणपत्रिकांची वही माझ्याकडे आहे आणि या पत्रात मी त्या वहीच्या बाहेर फारसा जाणार नाही.

तुमचं म्हणणं पारावर ऐकलं. ‘चढाई काय, कुणीही करतं. सामना जिंकून देतो तो बचाव.’ वाक्य वजनदार आहे आणि तुमच्या बाजूने पुरावाही आहे. तुम्ही तो दिला नाहीत म्हणून मीच देतो. २०२३ च्या प्रो कबड्डीच्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत या चढाईच्या राजासाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले आणि त्या हंगामात तळ गाठला. त्याच लिलावात आपल्या पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला, म्हणजे तुमच्यासारख्यांच्या लाडक्या डाव्या कॉर्नरला, २ कोटी ३५ लाखांत घेतलं आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून चषक आणला. पुढच्या वर्षी पलटणने त्याला सोडलं, हरियाणाने २ कोटी ७ लाखांना उचललं आणि २९ डिसेंबर २०२४ ला आपल्याच बालेवाडीत हरियाणा विजेता झाला. कॉर्नर जिकडे, चषक तिकडे.

अजून एक घ्या. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये यू मुंबाकडून पहिलाच हंगाम असा खेळला की लोक त्याला बाहुबली म्हणू लागले. दुसऱ्या वर्षी मुंबाने कुणाला राखलं? फझल अत्राचलीला, बचावपटूला. सिद्धार्थ १ कोटी ४५ लाखांना टायटन्सकडे गेला. मुंबा त्या वर्षी उपांत्य फेरीपर्यंत पोचली आणि टायटन्स गुणतक्त्यात खालून मोजायच्या जागी राहिले. एवढं सगळं तुमच्या बाजूचं आहे, अण्णा. पारावर वापरा, माझं नाव सांगायची गरज नाही.

फक्त दोन गोष्टी मधल्या मध्ये गळतात. हाच फझल २०२२ मध्ये पलटणने १ कोटी ३८ लाखांना आणला, त्याला कर्णधार केलं आणि पलटण अंतिम सामना जयपूरकडून ३३-२९ ने हरली. तेव्हा नुसता कॉर्नर आणून भागत नाही. आणि दुसरी गोष्ट, पलटणने शादलूच्या बदल्यात अस्लम इनामदार दिला नव्हता. पैसे दिले होते. अस्लम आणि मोहित गोयत ही पोरं पलटणने नवखी असताना घेतली, हरत हरत खेळवली आणि चषक जिंकला तेव्हा कर्णधार अस्लम होता. शादलू आला तो अशा तयार पोरांच्या साखळीत कडी म्हणून. तुम्ही कडी आणलीत आणि साखळी विकलीत. दात जुळत आलेला खोंड देऊन उताराला लागलेला बैल आणला, तर बाजारात लोक आधी घरात काही अडचण आहे का म्हणून विचारतात. तुमच्याकडे अडचण कसली होती, ते मला ठाऊक आहे. त्याकडे येतोच.

आणि बचावासाठी वेल्ह्यापर्यंत जायचं म्हणजे कमाल झाली. अहो, बाजीप्रभू देशपांडे कुठले? सिंदचे. आपल्याच हिरडस मावळातले. १६६० साली घोडखिंडीत ज्यांनी सिद्दीची फौज अडवून धरली, त्यांच्या मुलखाला बचाव बाहेरून आणावा लागतो? तुम्ही लगेच म्हणाल की बाजीप्रभूसुद्धा आधी कृष्णाजी बांदलांकडे होते, मग शिवाजीराजांकडे आले. आले, खरं आहे. पण त्यांच्या बदल्यात राजांनी येसाजी कंकांना कुठे धाडल्याचं निदान मी तरी वाचलेलं नाही.

आता वही उघडतो. गेल्या यात्रेतला अंतिम सामना, ज्यावरून पोराचा निकाल लागला. शेवटच्या मिनिटात दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी त्याच्या वाट्याला आली. गुण आण नाहीतर बाद हो. तो बोनस रेषेपर्यंत गेला, समोर सहा गडी होते, पुढचा पाय रेषेपलीकडे टाकला, मागचा पाय हवेत उचलला, बोनस मिळाला. तिथून परत येताना पकडला गेला आणि दोन गुणांनी आपण हरलो. तुम्ही त्या रात्री ‘पोराने सामना घालवला’ म्हणून जे म्हणालात ते सगळ्या गावाने ऐकलं. त्याच सामन्यात त्याने किती गडी टिपून आणले ते वहीत आहे. तुम्ही वही मागितली नाहीत.

त्या सामन्यात आपले गुण खरे कुठे गळले, तेही वहीत आहे. डाव्या बाजूला. आपला जुना डावा कॉर्नर काही वाईट नव्हता. घोटा धरायचा, दोन्ही हातांनी, डोकं खाली घालून. पण घोटा पकड हे एकट्याचं काम नाही. बोनस रेषेपासून मध्यरेषा पावणेपाच मीटर. तेवढ्यात आडवा हात टाकला तर चढाई करणारा सुटतो. म्हणून कॉर्नरने पाय धरला की शेजारच्या कव्हरने त्याच क्षणी अंगावर जायचं असतं. आपला डावा कव्हर जातो. निघतो उशिरा आणि पोचतो तो समोरचा गडी मध्यरेषेला बोट लावत असताना, नेमका त्याला स्पर्श होईल इतपत. मग एक गुण कॉर्नरचा आणि एक गुण कव्हरचा, दोघे बाहेर. नुसता जागेवर उभा राहिला असता तर एकच गेला असता. उत्तरार्धात हे इतक्या वेळा झालं की मी वहीत त्याच्या नावापुढे लिहिणं सोडून नुसती रेघ मारत गेलो.

डावा कव्हर म्हणजे तुमचा पुतण्या. मुद्दाम नाव घेत नाही.

नव्या कॉर्नरबद्दल माझी काहीही तक्रार नाही. शिरवळला कंपनीत आहे, सेकंड शिफ्ट असली की पूर्वार्ध संपता संपता येतो, येताच गुडघ्याला पट्टी बांधून उभा राहतो. गेल्या सामन्यात त्याने पहिल्याच चढाईत घोटा असा धरला की समोरचा पालथा पडला. गावाने शिट्ट्या मारल्या. पडलेल्या अवस्थेत कॉर्नरने मान वळवून उजवीकडे पाहिलं. पुतण्या नीकॅप वर ओढत होता. समोरचा गडी कॉर्नरला घेऊन सरपटत सरपटत रेषेपर्यंत गेला आणि मग पुतण्या आला. स्पर्श केला. दोन गुण. कॉर्नर उठला, अंगावरची माती झटकली आणि बाहेर जाऊन बसला. काही बोलला नाही. तेहतीस वर्षांत त्याने बरेच पुतणे पाहिले असणार.

आणि बाहेर बसलेल्याला आत कोण आणणार? चढाईला आता आपले दोन जुने मातब्बर आहेत, जे दम घेत मध्यरेषेपासून निदान रेषेपर्यंत जाऊन, मंडळाची शान राखून परत येतात. गुण आल्याशिवाय बाद गडी जिवंत होत नाही, हा नियम तुम्ही मिसळीच्या वेळी विसरला असाल. सात जणांचे पाच होतात, पाचाचे तीन. मग माझ्या लक्षात आली तुमची खरी योजना. तीन किंवा कमी गडी असताना पकड केली तर अव्वल पकडीचे दोन गुण! लवकरात लवकर तिघांवर यायचं आणि दुप्पट कमवायचं. एवढा खोल विचार गावाला कळत नाही, अण्णा. गावाला फक्त लोण बसलेला दिसतो.

पोराचं काय चाललंय, ते विचारलंत का? वेल्हेकरांकडे त्याच्या आधीचे तीन चढाईपटू आहेत. तो बसून असतो, कधी शेवटची दोन मिनिटं मिळतात. जिल्ह्याच्या निवड चाचणीत खेळलेला दिसतो तो पुढे राज्य स्पर्धेत जातो, आणि निदान राज्य पातळीवरचं पदक असेल तरच सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण उपयोगाला येतं. नीरा देवघर धरणाच्या पाण्यात निम्मी जमीन गेलेल्या घरातलं पोर भल्या पहाटे घाटात पळतं, ते काय चषकासाठी? पोलीस भरतीसाठी पळतं. तुम्ही एका यात्रेचा हिशेब केलात, त्याची दोन-तीन वर्षं त्या हिशेबात धरलीच नाहीत.

तेव्हा विनंती अशी. वेल्ह्याचा कॉर्नर राहू द्या, माणूस चांगला आहे. त्याच्या शेजारी कव्हरला त्या पोरांपैकी कुणालाही उभं करा, जी सरावाला वेळेवर येतात आणि फक्की मारायला मला मदत करतात. पुतण्याला एक हंगाम पाणी आणि पट्ट्यांची पेटी सांभाळू द्या. आणि पुढच्या मोसमाची नोंदणी सुरू व्हायच्या आत पुन्हा एकदा चेलाडी फाट्यावर बसा आणि पोराला परत मागा. बदल्यात पुतण्या देऊ करा. वेल्हेकर घेणार नाहीत हे मलाही माहीत आहे, पण विचारून तर बघा. ते फारच अडून बसले तर सात टी-शर्टही परत करू. मी धुऊन ठेवलेत.

आपला,
मंडळाचा गुणलेखक