बिल्लेबहाद्दर

डोंबिवलीत माघ सरत आला की स्वागतयात्रेच्या बैठका सुरू होतात. गुढीपाडव्याची ही यात्रा १९९९ साली इथल्या गणेश मंदिर संस्थानाने काढली आणि मग तिचं लोण गावोगाव पसरलं. बैठकीत कामांची वाटणी होते. 'पाणीवाटप कोण बघणार?' असं विचारलं की सगळे सतरंजीचे धागे मोजू लागतात. 'नोंदणीचं टेबल?' हा प्रश्न मात्र अध्यक्षांच्या तोंडून पुरता बाहेर पडायच्या आत एक हात वर गेलेला असतो. तो हात बिल्लेबहाद्दरांचा.

बिल्लेबहाद्दर गावोगाव आहेत, फक्त धंदा वेगवेगळा. कुठे ते इस्टेट एजंट असतात, कुठे करसल्लागार, कुठे गच्चीवर सोलर बसवून देणारे. आमचे विमा प्रतिनिधी आहेत. इस्त्रीचा झब्बा, खिशाला दोन पेनं (त्यातलं एक दुसऱ्यांच्या सहीसाठी), आणि छातीवर 'स्वयंसेवक' असा गोल बिल्ला. कार्यक्रम संपला की बाकीचे बिल्ला परत करतात किंवा हरवतात. यांच्या कपाटात गेल्या कित्येक उत्सवांचे बिल्ले सालवार लावलेले आहेत.

कोणती सेवा अंगावर घ्यायची, याचं त्यांचं शास्त्र आहे. पाणीवाटप नको, कारण माणूस पाणी पितो, ग्लास टेकवतो आणि नाव न सांगता निघून जातो. पार्किंग तर नकोच. तिथे भांडणं होतात, आणि भांडलेला माणूस पॉलिसी घेत नाही. वक्त्यांना स्टेशनवरून आणणं मानाचं खरं, पण वक्ते बहुधा साठीच्या पुढचे, त्यांचा हप्ता परवडत नाही. राहता राहिलं नोंदणीचं टेबल: नाव, पत्ता, मोबाइल, जन्मतारीख.

त्यातून रक्तदान शिबिर असलं तर विचारायलाच नको. वय, वजन, रक्तदाब, मधुमेह, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया... विम्याच्या अर्जासाठी जी माहिती काढायला दोन भेटी आणि चार कप चहा लागतो, ती इथे दाता आपल्या अक्षरात लिहून देतो आणि वर आभारही मानतो. फॉर्म भरून झाला की बिल्लेबहाद्दर त्याला हाताला धरून खाटेपर्यंत नेतात आणि उशाशी उभे राहतात.

"दादा, मूठ उघडझाप करत राहा. वजन अठ्ठ्याऐंशी म्हणालात ना? वहिनी नोकरी करतात?"

"नाही."

"मूठ थांबवू नका. मुलं?"

"दोन."

"आणि गृहकर्ज असेलच."

साडेतीनशे मिलिलिटरची पिशवी भरायला जी काही मिनिटं लागतात, त्यांत दाता जागचा हलू शकत नाही. नंतर बिस्किटं आणि कॉफी देतात. परोपकाराच्या त्या ताज्या ऊबेत, तोंडात बिस्किट असताना 'विचार करून सांगतो' म्हणणंही जड जातं.

पुरुषाला पुन्हा रक्त द्यायला ९० दिवस थांबावं लागतं, बाईला १२०. हे दिवस बिल्लेबहाद्दर डायरीत मोजतात. एक्क्याण्णवाव्या दिवशी फोन येतो, "दादा, रक्त द्यायला तुम्ही मोकळे झालात बरं का." मग जरा थांबून, "आणि तिमाही हप्ताही याच आठवड्यात."

यावर हसणं सोपं आहे, आणि आम्ही मनसोक्त हसतो. पण प्लेटलेट्स पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत. त्यामुळे डेंग्यूच्या दिवसांत साठ्यावर भिस्त ठेवता येत नाही, ऐनवेळी माणसंच लागतात. अशा वेळी रात्री दोन वाजता आमच्यातल्या तमाम निरपेक्ष कार्यकर्त्यांचे फोन बंद असतात. बिल्लेबहाद्दरांचा पहिल्या रिंगला उचलला जातो. त्याच डायरीतून ते तीन दाते उठवतात, रिक्षात घालतात, रक्तपेढीच्या दारात उभे राहतात. पेशंटचा विमा आहे का, हे ते विचारत नाहीत. म्हणजे त्या रात्री नाही.

कुणी तोंडावर टोचून बोललंच, तर ते थेट शिकागो गाठतात. १९०५ साली तिथल्या पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने ओळखीतले तिघे जमवले: कोळशाचा व्यापारी, खाण अभियंता आणि शिंपी. बैठक पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत, म्हणून नाव रोटरी. एका धंद्याचा एकच सभासद घ्यायचा आणि आपापसांत धंदा वाढवायचा, इतका रोखठोक मामला. समाजसेवा मागाहून सुचली, आणि तीही शहरात सार्वजनिक शौचालय व्हावं म्हणून खटपट करण्यापासून. "म्हणजे आधी ओळख, मग मुतारी," बिल्लेबहाद्दर म्हणतात, "आणि नावं मला ठेवता!"

कंपन्यांच्या नव्या पद्धतीवर मात्र त्यांचा विश्वास नाही. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकार्याला लावले, तेव्हापासून शनिवारी एकरंगी टीशर्ट घातलेली पोरं टेकडीवर झाडं लावतात आणि फोटो लिंक्डइनवर टाकतात. "तिथे नंतर झाडाला पाणी घालायला कोणी जात नाही," ते म्हणतात, "मग माणसाला फोन कोण करणार?"

शिकागोचा एक नियम त्यांनी मनोभावे पाळला: एका उत्सवात विमावाला एकच. म्हणून कीर्तन सप्ताहात एक तरुण प्रतिनिधी सेवेला आला, तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला चपलांच्या स्टँडवर धाडलं. तिथून कोणी वर येत नाही, हा अनुभव.

पोरगा हुशार निघाला. नोंदणीच्या टेबलाशी माणूस एकदाच येतो, चपलांपाशी दोनदा. येताना घाईत, पण जाताना कीर्तनाने मऊ झालेला आणि मुख्य म्हणजे अनवाणी. जोड हातात येईपर्यंत जाणार कुठे? तो जोड फडक्याने पुसून, पायाच्या दिशेने वळवून ठेवायचा. "आजोबा, टाच एकाच बाजूने झिजलीय. गुडघा धरतो का? डॉक्टरांना दाखवून घ्या. आणि हो, मेडिक्लेम किती लाखांचा आहे?" पाचव्या दिवशी खुद्द अध्यक्षांनी त्याला घरी चहाला बोलावलं. ज्या अध्यक्षांच्या नातवाच्या मुंजीत बिल्लेबहाद्दरांनी वाढपीपणा केला होता, तेच अध्यक्ष.

सहाव्या दिवशी संध्याकाळी बिल्लेबहाद्दर बाह्या सारून स्टँडवर हजर. "दमलास रे पोरा. जा, आत बसून कीर्तन ऐक. चपला मी बघतो."

"छे हो काका, तुमचं वय आहे का हे?" त्याने वाकून त्यांच्याच पायातल्या चपला काढून घेतल्या आणि हातात टोकन ठेवलं. "तुम्ही बसा आत. जाताना जरा निवांत बोलू. काकूंची जन्मतारीख काय हो?"