आधी कोणता शाफ्ट? अणदूर शिवारातल्या होतकरू जीपमालकांस मार्गदर्शन

ऑफ-रोडिंग हा मुळात शहरातला शौक. पुण्या-मुंबईची माणसं त्यासाठी इगतपुरीपर्यंत जातात आणि चिखलात गाडी घालण्याचे पैसे मोजतात. अणदूरकरांना ही सोय मृगाचा पाऊस पडला की घरपोच मिळते. सोलापूर-हैदराबाद महामार्ग सोडून शिवाराच्या वाटेला लागलं की पहिल्या बांधाशीच रस्ता संपतो. जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं, महामार्गाचा नंबर 9 चा 65 झाला. पाणंदीनं मात्र आपल्यात काही बदल करून घेतलेला नाही. तेव्हा बदल गाडीतच करावा लागतो आणि तिथंच प्रश्न पडतो: तगडे हाफ शाफ्ट घालायचे ठरले, पण पैसे एकाच जोडीपुरते आहेत. आधी पुढचे की मागचे?

सर्वप्रथम, हा प्रश्न पारावर विचारू नये. एक जण पुढचे म्हणेल, दुसरा मागचे म्हणेल, तिसरा जीप विकून ट्रॅक्टर घ्या म्हणेल. तिसऱ्याचं बरोबर असतं, म्हणूनच त्याला चहा सांगू नये.

मागच्या जोडीच्या बाजूनं पहिला दावा वहिवाटीचा. आपल्या खंडोबाचा मुक्काम सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपुरात असतो, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. जीपच्या कामाची वाटणी साधारण तशीच असते. मागची चाकं बारमाही राबतात. पुढच्यांचा नंबर ‘फोर व्हील’चा दांडा ओढला की मगच, म्हणजे पावसाळ्यातले दोनेक महिने. जो जास्त राबतो, त्याला आधी द्यावं. शिवाय चढावर गाडीचा भार मागं सरकतो. मागचे टायर जमीन घट्ट धरतात, आणि टायर जितका घट्ट धरील तितका पीळ त्याच्या शाफ्टला बसतो.

पुढच्या जोडीचे वकीलही कच्चे नाहीत. पुढच्या शाफ्टला ओढायचंही असतं आणि वळायचंही. स्टेअरिंग पूर्ण कापून ॲक्सिलरेटर दाबला की चाकाजवळचा जोड वाकड्या कोनात सगळा जोर झेलतो. जुन्या, पुढं अखंड हाउसिंग असलेल्या जीपमध्ये त्या जोडातला क्रॉस आधी जातो, कधी जाताना शाफ्टचे कानही घेऊन जातो. उलटा गिअर टाकून चढ चढवणाऱ्यांनी तर पुढच्याच शाफ्टची काळजी करावी. तेव्हा भार पुढं असतो.

आता जोराचा हिशेब. ढोबळ आकडे धरू. इंजिनचा टॉर्क 300 न्यूटन-मीटर. नवी थार एवढा देतेच. पहिला गिअर त्याला चारनं गुणतो, ‘लो’चा दांडा अडीचनं, क्राउन-पिनियन पुन्हा चारनं. झाले 12,000. एक मीटर लांब पहारीच्या टोकाला शंभर किलोची बारा पोती टांगावीत, तेवढा हा पीळ. साध्या डिफरन्शियलमध्ये तो दोन्ही चाकांत सारखा वाटला जातो आणि एक चाक चिखलात फिरायला लागलं की दुसऱ्यालाही तेवढंच कमी मिळतं. म्हणून गाडी अडकते, पण शाफ्ट वाचतो. दोन्ही चाकं एकत्र जखडणारा लॉकर बसवला की ही दया संपते: ज्या चाकाला पकड आहे, त्याच्या एकट्या शाफ्टवर सगळा जोर येऊ शकतो. सबब नियम असा, की लॉकर ज्या अंगाला, तगडे शाफ्ट आधी त्या अंगाला.

बरेच लोक समजतात की शाफ्ट चिखलात तुटतो. काळी माती बिचारी निसरडी. ती चाक गरागरा फिरू देते. शाफ्ट तुटतो तो त्या फिरत्या चाकाला खालचा मुरूम किंवा दगड अचानक सापडतो तेव्हा. चाक जागच्या जागी थांबतं, मागून इंजिन ढकलतच असतं. ‘खट्’ असा आवाज येतो आणि सगळे खाली उतरून वाकून बघू लागतात. तेव्हा चाकं फिरताना ॲक्सिलरेटर सोडणं हा सगळ्यात स्वस्त अपग्रेड आहे. त्याचा व्हिडिओ चांगला होत नाही, एवढाच तोटा.

खरेदीला गेल्यावर दुकानदार नव्या शाफ्टच्या रंगाबद्दल बोलेल. आपण जाडी विचारावी. गोल दांड्याची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनानं वाढते; व्यास दहा टक्के वाढला तर ताकद तेहेतीस टक्के. पोलादही विचारावं, कारण जाडी तीच ठेवून क्रोम-मॉलिब्डेनमचं पोलाद आणि नीट उष्णता-प्रक्रिया यांनीही बराच फरक पडतो. घरी आणल्यावर शाफ्टवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ऑइल पेंटची सरळ रेघ ओढावी. पावसाळा संपल्यावर तो बाहेर काढून बघावा. रेघ वेलीसारखी वळली असेल तर शाफ्ट पिळून बसलाय. तो आज तुटला नाही, एवढंच. आणि तुटलाच तर तुकड्याचं तोंड बघावं. काही भाग गंजून काळा, उरलेला लखलखीत असेल, तर तडा जुना होता आणि शेवटच्या खड्ड्याला उगाच शिव्या बसल्या.

इथं आमच्या ओळखीच्या मिस्त्रींचं मत नोंदवणं भाग आहे. टपरीवर बसून ते म्हणाले, “आप्पा, शाफ्ट लोखंडाचा बाप घाला. पर कायतरी मोडायचंच हाय की! शाफ्ट न्हाई मोडला तर क्राउन मोडंल. शाफ्ट बदलायला अर्धा दिस, क्राउन बसवायला माझी पाठ जाती आन् तुमची म्हस.” सगळ्या तांत्रिक चर्चेचं सार या हिशेबात आहे. कमजोर भाग काढला की मोडतोड बंद होत नाही, ती पुढच्या, महागड्या घरी राहायला जाते. आणि हे सुरू का होतं? रुबाबासाठी मोठे टायर घातले म्हणून. टायरची त्रिज्या वाढली, की तेवढीच ओढ देण्यासाठी शाफ्टला जास्त पीळ सोसावा लागतो. मोठ्या टायरबद्दल आरटीओ कलम 52 काढून विचारू शकतो, हा वेगळा प्रसाद.

अजून एक पारख. महामार्गावर ट्रक बंद पडलेला दिसला तर थांबून बघा. ड्रायव्हर हबच्या तोंडावरचे नट काढतो आणि जॅक न लावता शाफ्ट सरळ बाहेर ओढतो, कारण भार हबच्या बेअरिंगवर असतो, शाफ्टवर नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपचा मागचा ॲक्सल असाच होता. पुढं नागरी जीपमध्ये ही चैन कमी केली आणि शाफ्टनंच भारही पेलायचा असं ठरलं. अशा गाडीचा शाफ्ट चाकाजवळ तुटला तर चाकही सोबत निघून जाऊ शकतं. आपली गाडी यातली असेल तर मागची जोडी आधी, यावर वाद नको. पुढचा तुटला तर ओढायचं राहील. मागचा तुटला तर उभं राहायचं राहील.

तर निकाल असा. टायर कंपनीचे असतील तर काहीच बदलू नका. मोठे टायर काढवत नसतील तर मागची जोडी आधी, दोन्ही बाजूंची एकदम. पुढं लॉकर असेल किंवा पुढचे क्रॉस दरसाल जात असतील, तरच पुढची आधी. काढलेले जुने शाफ्ट पिळलेले नसतील तर भंगारात घालू नका. तेलकट फडक्यात गुंडाळून सीटखाली ठेवा, सोबत त्यांना लागणारा पाना ठेवा. पाना आधी घरी एकदा लावून बघा, बसतो का ते.