अगं, लवकर ये!

परसातला पक्षी एकट्याने बघून भागत नाही. जास्वंदीवर सूर्यपक्षी उलटा लोंबकळत फुलाच्या बुडाशी चोच खुपसताना दिसला, की घशात आपोआप हाक तयार होते. मोठ्याने मारावी तर पक्षी उडणार, हळू मारावी तर ती कुकरच्या शिट्टीत विरणार. म्हणून पक्षीवेडी माणसं कुजबुजत ओरडण्याची कला कमावतात. घरची मंडळी कणकेच्या हातांनी दारात येतात, तेव्हा फांदी तेवढी हलत असते. नुकतंच कुणी उठून गेलेल्या झोपाळ्यासारखी.

मग वर्णनाचा सोहळा सुरू होतो. ‘तो शेवगा, त्याची वाळकी फांदी, तिच्या डावीकडे…’ तांबट दाखवणं तर महाकठीण. चैत्रातल्या दुपारी त्याची टुकटुक अखंड चालते, पण साद घालताना तो मान इकडेतिकडे वळवतो. त्यामुळे आवाज घडीत पिंपळावरून येतो, घडीत शेजारच्या गच्चीवरून. कपाळ लाल, गळा पिवळा, अंग हिरवं. एवढे रंग मिरवूनही पानांत दिसेल तर शपथ! शेजारच्या काकांना आमचा तांबट अजून दिसलेला नाही, पण या खटपटीत पिंपळाची फांदी न् फांदी त्यांना पाठ झाली आहे. तरी रोज विचारतात, ‘आज आला होता का हो?’ जणू दोघांच्या ओळखीचा कुणी पाहुणा.

कोकणात आजीला भारद्वाज दिसला की ती सगळं घर मागीलदारी गोळा करी. त्याचं दर्शन शुभ, आणि शुभ एकटीने पदरात पाडून घेणं तिला पटत नसे. भारद्वाज तसा सोशिक. उडण्याची त्याला घाई नसते. विटकरी पंख सावरत, लाल डोळ्यांनी गोगलगायी हेरत तो कुंपणाकडेने ऐटीत चालतो. तरीही आम्हा मुलांपैकी कुणी उशिरा पोचलंच, तर आजी म्हणे, ‘असू दे. मी पाहिलाय ना, तो तुलाही लागू.’

सालिम अलींच्या आयुष्याला वळण मिळालं तेही दाखवण्यातूनच. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेली पिवळ्या कंठाची चिमणी ओळखून घ्यायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे गेले. दाखवेपर्यंत ती उडून गेली नाही, कारण बिचारीला ते शक्यच नव्हतं. नीट दाखवता येणारा पक्षी असा असणार असेल, तर आमची रिकामी फांदीच बरी.

दर फेब्रुवारीत चार दिवस जगभरची माणसं आपापल्या परसातले पक्षी मोजतात. 1998 साली अमेरिकेत सुरू झालेली ही गणना 2013 पासून आपल्याकडेही होते. निदान 15 मिनिटं थांबायचं, दिसेल ते लिहायचं. नवलाची नोंद असली तर जाणकार चौकशी करतात. पण कुण्या अनोळखी गावातल्या अनोळखी माणसाने ‘दयाळ, एक’ असं लिहिलं, तर त्याच्याकडे पुरावा मागत नाहीत. त्या नोंदी चाळताना मला फार श्रीमंत झाल्यासारखं वाटतं. आजीच्या हिशेबाने ते सगळे दयाळ मला लागू आहेत.