जावा, येझदी आणि खुडूक कोंबडी

दूरगावी बंद पडलेली जुनी फटफटी परत आणण्याच्या प्रवासाचे दोन भाग असतात : ती बंद पडते तो आणि ती आणली जाते तो. दोन्ही भागांना सहसा एकच माणूस कारणीभूत असतो. येथे वर्णिलेल्या प्रवासात तो माणूस प्रस्तुत लेखक होता, हे सुरुवातीलाच नोंदवलेले बरे. पुढे ते लपण्यासारखे नाही.

गाड्या दोन होत्या. एक १९६५ची जावा, दुसरी त्यानंतर दहा-बारा वर्षांनी निघालेली येझदी. दोघी एकाच घराण्यातल्या. चेकोस्लोव्हाकियातला कारखानदार यानेचेक आणि जर्मनीतली वाँडरर गाडी यांच्या नावांची पहिली दोन-दोन अक्षरे जोडून १९२९ मध्ये ‘जावा’ हे नाव तयार झाले. भारतात आयडियल जावा कंपनीने १९६१पासून म्हैसूरला या गाड्या बनवल्या. १९७३पासून त्या येझदी या नावाने निघू लागल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. पुढे बऱ्याच गाड्या भंगारात किलोवर गेल्या. ज्यांनी तेव्हा किलोवर दिल्या त्यांचीच मुले आज एका मडगार्डासाठी तीन जिल्हे पालथे घालतात.

या गाड्यांत किक आणि गिअर यांची दांडी एकच असते. आत दाबून वर उभी केली की ती किक होते, खाली पाडली की गिअर. चावी खिळ्यासारखी असते आणि एकीची दुसरीला खुशाल चालते. त्यामुळे चोराला चावीची अडचण नसते. किक सापडेपर्यंत उजाडते, एवढेच.

पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी घेता येते. त्यासाठी २०,००० रुपये भरावे लागतात, नोंदणी दहा वर्षे टिकते आणि गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. दुरुस्तीची सवलत ज्याने नियमात घातली त्याने आयुष्यात एकदा तरी जुनी गाडी पाळली असावी. प्रस्तुत जावाची नोंदणी मात्र साधीच होती. ती मालकाच्या वडिलांची गाडी. ती नुसती प्रदर्शनापुरती उरली असती तर वडील भिंतीवरच्या फोटोतून खाली उतरले असते.

आता बंद पडण्याविषयी. जावाचे इंजिन टू-स्ट्रोक असते. त्यात पेट्रोल क्रँकच्या पोटातूनच वर जाते, म्हणून पिस्टनचे वंगणही पेट्रोलमध्ये मिसळूनच द्यावे लागते. टाकीत ऑइल ओतायचे, पेट्रोल भरायचे आणि हँडल धरून गाडी डावी-उजवी हलवायची, म्हणजे मिश्रण एकजीव होते. जुन्या जावाच्या टाकीच्या झाकणातच ऑइलचे माप बसवलेले असते. गिऱ्हाइकाच्या स्मरणशक्तीवर कारखान्याचा फारसा भरवसा नव्हता, आणि तो योग्यच होता.

मालक आणि लेखक या दोन गाड्यांवर पुण्याहून म्हैसूरला, म्हणजे गाड्यांच्या माहेरी, गेले होते. ज्या माहेराचा कारखाना १९९६ मध्येच बंद झाला, तिथे गाड्या घेऊन साडेनऊशे किलोमीटर का जायचे, हा प्रश्न दोन्ही घरांत विचारला गेला होता. परतताना मालकाने जावा लेखकाच्या हाती दिली आणि स्वतः येझदी घेतली. हुळियारच्या पंपावर मालक चहा सांगायला गेला आणि पेट्रोलचे काम लेखकाकडे आले. लेखकाने टाकी भरली, झाकण घट्ट लावले आणि गाडी पूर्ण दोन मिनिटे मनोभावे हलवली. पंपावरच्या दोघांनी हातातले काम थांबवून तो विधी पाहिला. ऑइलची बाटली त्या वेळी लेखकाच्या सॅकमध्ये टॉवेलात गुंडाळलेली, सुखरूप होती. सांडू नये म्हणून.

टाकीच्या तळाशी उरलेल्या जुन्या मिश्रणाच्या पुण्याईवर जावा हिरियूरच्या अलीकडेपर्यंत आली. आधी तिचा आवाज कोरडा झाला, मग मागचे चाक फरफटत थांबले. पिस्टनने सिलिंडर धरला होता. गॅरेजच्या भाषेत, इंजिन सीझ झाले होते. मालकाने दोरी लावून जावा येझदीमागे ओढायला घेतली. तीन किलोमीटरवर येझदीच्या क्लच प्लेटा जळाल्या. अशा रीतीने अर्ध्या बाटली ऑइलच्या बचतीत दोन गाड्यांचा निकाल लागला. रस्त्याकडेला एका अज्जीची छोटी खानावळ होती. अज्जीने मागची झावळ्यांची शेड दाखवली. गाड्या तिथे ठेवून दोघे बसने पुण्याला आले. त्या बसपासून मालक लेखकाशी बोलेनासा झाला.

गाड्या आणण्याची मोहीम अठरा दिवसांनी निघाली. वाहन म्हणून मालकाच्या मेहुण्याची पिकअप होती आणि ती सोमवारी सकाळी परत हवी होती. माणसे तीन : मालक, मिस्त्री आणि लेखक. मिस्त्री मूळचे निपाणीचे, त्यामुळे त्यांना मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा येतात आणि ते त्या एकाच वाक्यात वापरतात. केबिनमध्ये मधली जागा लेखकाला मिळाली. पिकअपच्या मधल्या जागेत गिअरचा दांडा दोन गुडघ्यांच्या मधे येतो. न बोलणारा माणूस गिअर टाकताना किती बोलू शकतो, हे पुणे ते हिरियूर या सुमारे पावणेसातशे किलोमीटरांत लेखकाच्या गुडघ्यांना कळले. बाकीचा संवाद मिस्त्रींमार्फत होई. “मिस्त्री, त्याला म्हणावं पाय आवर.” “साहेब, पाय आवरा.”

सातारा ते कागल हा टप्पा सहापदरी होतो आहे, आणि कित्येक वर्षे होतो आहे. चांगला रस्ता दिसला की ‘वळण रस्ता पुढे आहे’ असा फलक येतो, वळण रस्त्यावर खड्डे येतात, खड्ड्यांतून वर आले की टोलनाका येतो. पैसे घेताना मात्र कोणी वळण घेत नाही. या टप्प्याबद्दल विनोद करावा असे लेखकाच्या मनात होते, पण रात्रीच्या पावसात दुभाजकाच्या उघड्या सळ्या आणि त्यांच्या शेजारून दुचाकीवर जाणारी तीन माणसांची कुटुंबे पाहिल्यावर ते राहून गेले.

प्रेक्षणीय स्थळे पुढीलप्रमाणे. कऱ्हाडचा प्रीतिसंगम : फलक दिसला. निपाणी : मिस्त्रींच्या बहिणीचे घर, चहा म्हणून थांबले, जेवून निघाले. धारवाड : अज्जीसाठी एक किलो पेढे. चित्रदुर्ग : हैदर अलीचे सैनिक किल्ल्यात शिरत असताना ओबव्वाने त्यांना मुसळाने लोळवले, तो किल्ला खालून दिसला. हिरियूरजवळचे वाणी विलास सागर धरण १९३३ नंतर थेट २०२२ मध्ये भरून वाहिले. जुन्या गाड्यांच्या मालकांनी ते जरूर पाहावे, धीर येतो. वेळेअभावी ते राहिले.

हिरियूरला पोचेपर्यंत अंधार पडला होता. शेडमध्ये येझदी भिंतीला टेकून होती आणि जावा मेन स्टँडवर उभी होती. जावाच्या खाली, स्टँड आणि मागचे चाक यांच्या मधे, एक फुटकी पाटी होती. पाटीत भाताचा पेंढा होता आणि पेंढ्यावर एक तांबडी कोंबडी खुडूक बसली होती.

मेन स्टँडवरून गाडी उतरवली की ती हातभर पुढे येते आणि मागचे चाक जमिनीला टेकते. ते जिथे टेकणार होते, नेमकी तिथे पाटी होती. पाटी जरा सरकवावी, असे मालकाने सुचवले. अज्जी म्हणाली, “ब्याड.” मिस्त्रींनी या एका शब्दाचे भाषांतर दोन मिनिटे केले. त्यातून कळले ते असे : खुडूक कोंबडीची जागा हलवली की ती अंडी सोडते, मागच्या वर्षी सोडली होती, आता अकरा अंडी आहेत, त्यांतली तीन शेजारणीची उसनी आहेत, कोंबडी एकवीस दिवस बसते, त्यांतले अठरा झाले. म्हणजे गाड्या तीन दिवसांनी न्याव्यात.

मेहुण्याचा सोमवार आणि अज्जीची कोंबडी यांतून मिस्त्रींनी मार्ग काढला. गाडी पुढे ढकलायचीच नाही. ती सरळ वर उचलायची, कोंबडीवरून अलगद बाजूला न्यायची आणि मग खाली ठेवायची. जावाचे वजन सव्वाशे किलोच्या वर जाते. अज्जीच्या नातवाने व्हॉलीबॉल खेळणारी सहा पोरे बोलावून आणली. लेखकाला टॉर्च धरण्याचे काम देण्यात आले. “नुसता धरा,” असे मिस्त्रींनी दोनदा सांगितले.

पहिला प्रयत्न मालकाने मोजल्यामुळे फसला. “एक, दोन, तीन” यातला ‘तीन’ कन्नड कानाला ‘खा’ असा लागतो. ऐन उचलायच्या वेळी खायचा हुकूम आल्याने पोरांना हसू फुटले. दुसऱ्या वेळी मिस्त्रींनी “ओंदु, एरडु, मूरु” म्हटले आणि जावा खरोखर वर गेली. दोन्ही सायलेन्सर, मडगार्ड, चाक, सगळे कोंबडीच्या डोक्यावर अधांतरी. कोंबडीने एक डोळा उघडला आणि मिटला. येथपर्यंत सर्व ठीक होते. टॉर्चच्या उजेडात लेखकाला असे दिसले की, स्टँड अजून खाली लोंबतो आहे आणि तो पाटीला लागेल. सद्हेतूने लेखकाने तो पायाने वर लोटला. जावाच्या स्टँडला जाडजूड स्प्रिंग असते. स्टँड खाण्णकन् फ्रेमवर आदळला.

कोंबडी पोरांच्या पायांमधून अंधारात गेली. नऊजणांच्या हातांवर एक मोटारसायकल होती आणि कोणालाही कोंबडीमागे पळता येत नव्हते. एकटा लेखक मोकळा होता, पण त्याला नुसता टॉर्च धरायला सांगितले होते.

गाडी बाजूला ठेवल्यावर शोध सुरू झाला. अज्जीने अंड्यांवर गोणपाट टाकले. ती रागावली नाही, हे जास्त अवघड गेले. खुडूक कोंबडीही दिवसातून एकदा दाणापाण्याला उठते आणि तेवढ्याने अंडी बिघडत नाहीत, असे तिनेच मिस्त्रींमार्फत सांगितले. पण सांगताना ती गोणपाटावरचा हात काढत नव्हती. सरपणाचा ढीग, नारळाच्या सोडणांची रास, पाण्याची टाकी, सगळे पाहून झाले. अर्ध्या तासाने कोंबडी पिकअपच्या केबिनमध्ये सापडली. ती मधल्या सीटवर, गिअरच्या दांड्याला लागून बसली होती. ती जागा कोणी स्वखुशीने घेतल्याचे हे एकच उदाहरण.

तिला कोणी हात लावला नाही. अज्जीने केबिनपासून पाटीपर्यंत नाचणी टाकत नेली. सगळे भिंतीला चिकटून उभे राहिले. कोंबडी उतरली, टिपत टिपत आली, पाटीच्या काठावर थांबली, अंड्यांकडे पाहिले, मग लेखकाकडे पाहिले आणि बसली. पंख पसरून तिने एकेक अंडे चोचीने आत ओढले. दहा माणसांनी एकदम श्वास सोडला.

उरलेले काम सोपे होते. पिकअप मागे घेऊन मातीच्या उंचवट्याला लावली की हौदाचा तळ आणि उंचवटा एका पातळीत येतात आणि गाड्या ढकलून चढवता येतात. फळी लागत नाही. हौदात गाडी स्टँडवर ठेवायची नसते. चाकांवर उभी करून दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांनी पुढचे शॉकअप दबेपर्यंत आवळायची असते. लेखकाने स्काउटमधल्या गाठीची तयारी दाखवली. मिस्त्रींनी त्याला टॉर्च दिला. अठरा दिवसांच्या जागेचे पैसे अज्जीने घेतले नाहीत. पेढे घेतले आणि त्यांतले चार वाटेसाठी परत बांधून दिले.

परतीच्या वाटेवर मिस्त्रींच्या आग्रहावरून पिकअप महामार्ग सोडून चन्नगिरीजवळच्या होदिगेरेला गेली. इथे शहाजीराजांची समाधी आहे. २३ जानेवारी १६६४ रोजी शिकारीत घोड्याचा पाय अडकला, घोडा कोसळला आणि राजे गेले. मुलगा दूर, आणि बाप या मुलखात. समाधी साधीच आहे. सकाळी तिथे कोणीही नव्हते. पुण्यापासून पिस्टनखेरीज दुसरा विषय न काढलेले मिस्त्री हात जोडून उभे राहिले. मालक पिकअपकडे वळून पाहत होता. हौदात वडिलांची जावा पट्ट्यांनी आवळलेली उभी होती. मग तो लेखकाकडे वळला आणि पुण्याच्या त्या बसनंतर पहिल्यांदा त्याच्याशी थेट बोलला.

“चप्पल काढ,” तो म्हणाला.

लेखकाने काढली.

पिकअप सोमवारी सकाळी वेळेवर परत गेली. मधल्या सीटवरच्या एका डागाचा खुलासा मेहुण्याने मागितला, तो कोणी दिला नाही. जावाच्या प्लगच्या भोकातून डिझेल सोडून दोन दिवस मुरवल्यावर पिस्टन सुटला. सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन आणि नव्या रिंगा बसवल्या. येझदीला क्लच प्लेटा घातल्या. बिल लेखकाने भरले. गुरुवारी अज्जीच्या नातवाचा मिस्त्रींना फोन आला : अकरांपैकी नऊ अंडी फुटली, शेजारणीची तीन पिल्ले परत दिली.

जावाच्या टाकीवर आता मालकाच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. ज्यांच्याकडे टू-स्ट्रोक गाडी आहे त्यांनी आणि विशेषतः ज्यांना ती मित्राने विश्वासाने चालवायला दिली आहे त्यांनी ती पाठ करावी. एक लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर ऑइल, पाच लिटरला २००. ऑइल आधी, हलवणे नंतर.