नवस दीड इंचाचा

१ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला. आम्हाला वेगळा कलेक्टर मिळाला, वेगळा एसपी मिळाला, ऊन तेवढं सामाईक राहिलं. पेपरात आकडा अकोल्याचा छापून येतो, तापतो मात्र आम्हीही. आमच्या मास्तरांना हे मान्य नाही. वाशीम पठारावर आहे, सबब आपल्याकडे दोन डिग्री कमी, असं ते ठासून सांगतात. या दोन डिग्रीच्या भरवशावर पाटलांनी ऐन वैशाखात, गुरुवारी, कारंज्याला पायी जायचं काढलं.

हौस नव्हती, नवस होता. बोअर मारताना पाटील बोलून गेले होते की पाणी लागलं तर गुरुमहाराजांच्या दर्शनाला पायी येईन. पाणी लागलं, पण दीड इंच. पाटलांचं म्हणणं पडलं, ‘म्या तीन इंच धरून बोललो होतो. निम्मं पायी, निम्मं यष्टीनं जाऊ. हिशेब बरोबर होते.’

‘महाराजासंगं मापात पाप करता काय?’ काकूंनी विचारलं आणि विषय संपला.

आमचं गाव शेलूबाजार आणि कारंजा यांच्या मधलं. डांबरी रस्त्यानं गेलं तर ट्रक, पांधनीनं गेलं तर फुफाटा. आम्ही फुफाटा निवडला. निघायचं पहाटे पाचला ठरलं होतं. चहा, छत्री, पुन्हा चहा आणि पाटलांची हरवलेली चप्पल हे सगळं आटोपून सातच्या पुढं निघालो. पाटील, काकू, त्यांचा पुतण्या, संस्कृत शिकवून निवृत्त झालेले मास्तर, पंच्याहत्तरी ओलांडलेले आबाजी आणि मी. डोक्यावर दुपट्टे, हातात पाण्याच्या कॅना, आणि एका थैलीत कणीक, वांगी, तुरीची डाळ.

गावकुसाबाहेर एक तांबूस कुत्रं उठलं, अंग झटकलं आणि मागं लागलं.

‘हाड!’ पाटील म्हणाले. कुत्रं आणखी जवळ आलं. जन्मापासून त्याच्याशी एवढाच एक शब्द कुणी बोललं असावं.

मास्तर थांबले. ‘पाटील, आज वार कोणता? गुरुवार. चाललो कुठं? नृसिंह सरस्वतींच्या जन्मगावी. दत्ताच्या फोटोत पायाशी काय असतं?’

‘कुत्रे.’

‘किती?’

‘चार. चार वेद.’ हे आबाजींनी सांगितलं.

झालं. गावचं बेवारस कुत्रं एका मिनिटात अपौरुषेय झालं. पुढचा अर्धा तास चर्चा हा कोणता वेद यावर चालली. पहिला भेटला म्हणून मास्तरांचं मत ऋग्वेद. पुतण्याला अथर्ववेद वाटत होता, कारण त्याला तेवढं एकच नाव आठवत होतं. काकूंनी त्याला वाघ्या म्हणून बिस्कीट दिलं, त्यावर वेद खूश दिसला. तो गावापासून एकदाही भुंकला नव्हता, हीही खूणच निघाली. गुरुचरित्रात आहे, बाळ मुंजीपर्यंत ॐकाराशिवाय काही बोललं नाही. मुंज लागली आणि आईच्या पहिल्या भिक्षेला ऋग्वेद, दुसऱ्या भिक्षेला यजुर्वेद, तिसऱ्या भिक्षेला सामवेद म्हणू लागलं. ‘याचंही मौन आहे,’ मास्तर हळू आवाजात म्हणाले. सगळ्यांनी कुत्र्याकडे आदरानं पाहिलं. त्यानं एका बाभळीकडे पाहिलं आणि तिच्याजवळ जाऊन मागचा पाय वर केला. मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला.

मला त्याची हुशारी दुसरीकडेच दिसली. सकाळी सावल्या लांब होत्या तेव्हा तो कुणाच्याही मागून चालत होता. ऊन चढलं तसं त्यानं माणसं पारखली. मी बारीक, मला सोडलं. मास्तरांची सावली बरी होती, पण ते बोलताना हातवारे करत, सावली एका जागी ठरत नसे. शेवटी त्यानं पाटलांना धरलं. पाटलांचा घेर, वर काळी छत्री. त्या सावलीच्या बरोबर मधोमध तो असा चालत होता की पाटील थांबले की थांबायचा, पाटील वळले की वळायचा. पाटलांना वाटलं, महाराजांनी नवस स्वीकारला. मग सूर्य डोक्यावर आला, पाटलांची सावली गोळा होत त्यांच्याच पायाखाली शिरली, आणि वेदानं पाटलांकडे पाठ फिरवली.

सावलीचा आमच्याकडे उन्हाळ्यात दुष्काळच. रस्त्याकडेला साग पुष्कळ, पण ऐन उन्हाळ्यात अंगावर पान नसलेलं झाड म्हणजे साग. शेतं मोकळी, काळ्या रानाला हात जाईल अशा भेगा, त्यात तुरीचं फणकट, मधून पऱ्हाटीचे ढीग. एका ढिगाआड रोही उभा होता. आमच्या भागात काळवीट बघायला लोक कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात जातात. रोही बघायला कुठं जावं लागत नाही, तोच आपल्या शेतात येतो. वेदानं पहिल्यांदा तोंड उघडलं. मौन सुटलं. तो भुंकत पन्नास पावलं धावला. रोह्यानं मान वळवून नुसतं पाहिलं. एवढं मोठं जनावर आपल्याला उत्तर देईल हे वेदाच्या लक्षात आलं असावं. काहीतरी महत्त्वाचं काम आठवल्यासारखा तो परत आला आणि काकूंच्या मागं उभा राहिला.

‘मुंज लागली म्हणायची,’ आबाजी म्हणाले.

पुढं समृद्धी महामार्ग आडवा आला. एकूण ७०१ किलोमीटरचा. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. वरून गाड्या ताशी १२० च्या वेगानं जातात. दुचाकी, बैलगाडी आणि पायी माणूस यांना वर बंदी. खाली मात्र पांधनीसाठी काँक्रीटचा बोगदा ठेवलाय, आणि त्यात अशी सावली, असा वारा की सरकारनं एवढा खर्च कशासाठी केला ते मला तिथं कळलं. हा बोगदा आम्हाला दिसायच्या आधी कुत्र्याला दिसला होता. आम्ही पोचलो तेव्हा तो चारी पाय पसरून, पोट थंड काँक्रीटला लावून, जीभ बाहेर काढून धापा टाकत पडला होता. आम्हीही पसरलो. डोक्यावरून मुंबई जात होती.

‘शकुंतला असती त बसून गेलो असतो,’ आबाजी म्हणाले.

मुर्तिजापूर-यवतमाळची ही नॅरोगेज कारंज्यावरून जायची. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन ओढत होतं. आबाजींनी डब्यातून उतरून लघवी करून पुन्हा तोच डबा गाठल्याच्या कहाण्या सांगितल्या. ती आपल्या गावावरून कधीच जात नव्हती हे कुणी काढलं नाही. सावलीत माणूस उदार होतो.

खरं तर तिथंच जेवायला हवं होतं. पण रोडगे बोगद्यात कसे लावणार? म्हणून भर दुपारी पुढच्या विहिरीवर, कडुनिंबाखाली, आम्ही गोवऱ्या पेटवल्या. आभाळातून आग, जमिनीतून आग, आणि मध्ये आमची स्वतःची. काकूंनी कणकेच्या लहानमोठ्या चकत्या एकात एक ठेवून कडा मिटवल्या, तुपाचा हात फिरवून गोळे निखाऱ्यात लोटले. पुतण्या धुरानं रडत होता. मास्तर वांगी ढवळत ‘दोन डिग्री कमी आहे’ म्हणत होते. रोडगा भाजला की राख झटकायची, मुठीनं फोडायचा, आत तूप सोडायचं; वाफ बाहेर पडते तिचा वास आला आणि मला ऊन दिसेनासं झालं. पहिला रोडगा दत्ताच्या नावानं कुत्र्याला. त्यानं तो तोंडात धरला, चटका बसला, टाकला, आमच्याकडे अविश्वासानं पाहिलं, फुंकर मारता येत नाही म्हणून पायानं लोळवला, आणि निवल्यावर एका घासात संपवला. मग आमच्या ताटांकडे वळला. चारी वेदांची भूक एकट्याकडे होती.

दिवस कलताना कारंज्यात शिरलो. गुरुमंदिरात दर्शन निवांत झालं. पाटलांनी दीड इंचाबद्दल आभार मानले आणि उरलेल्या दीड इंचाची आठवणही करून दिली असावी. ते आत जरा जास्तच वेळ थांबले. वेद बाहेर आमच्या चपलांवर झोपला होता.

परत यष्टीनं. आबाजी पुढं चढले. पंच्याहत्तरीच्या वर प्रवास फुकट, जाताना पाय फुकट, येताना गाडी फुकट. त्यांच्या मागून कुत्रं चढलं.

‘याले उतरवा,’ कंडक्टर म्हणाला.

‘कुत्रं नाही हो, वेद आहे,’ मास्तर म्हणाले.

‘मंग वेदाचं तिकीट काढा.’

‘पंच्याहत्तरीच्या वरच्याला फुकट ना? वेदाचं वय तुम्हाला ठाऊक आहे?’

कंडक्टरनं तिकिटाचं मशीन कानामागं नेऊन डोकं खाजवलं.

‘आधार कार्ड दाखवा,’ तो म्हणाला.