डोंगर पास, गोष्ट नापास

‘द आयगर सँक्शन’ पाहिलेला कुणीही भेटू द्या, निकाल ठरलेला: डोंगर पास, गोष्ट नापास. सिनेमा १९७५चा. दिग्दर्शक क्लिंट ईस्टवूड, नायकही तोच. तेव्हा थिएटरात जाऊन पाहिलेले काका हेच म्हणतात आणि परवा मोबाइलवर पाहिलेला पुतण्याही हेच म्हणतो. काका-पुतण्याचं एकमत ही महाराष्ट्रात केवढी दुर्मीळ गोष्ट! एवढ्या एका कारणासाठी तरी या सिनेमाबद्दल दोन शब्द लिहायला हवेत.

आधी नापास विषय. जोनाथन हेमलॉक हा कला शिकवणारा प्राध्यापक. एका गुप्त सरकारी संस्थेसाठी तो पूर्वी माणसं मारायचा आणि त्या कमाईतून नामवंत चित्रकारांची चित्रं विकत घ्यायचा. आता त्याने तो उद्योग सोडलाय. त्याला पुन्हा कामाला जुंपायचं कसं? बायको-पोरं पळवून? तोंडात पिस्तूल घालून? छे. प्राध्यापकाच्या पगारात एवढी चित्रं आली कुठून, हे आयकर खात्याला कळवू, एवढंच त्याला सांगितलं जातं. मारेकरी सुतासारखा सरळ येतो. हेरपटांच्या अख्ख्या इतिहासात इतका खराखुरा प्रसंग दुसरा नसेल, पण प्रेक्षक त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. त्यांना आठवतो तो संस्थेचा प्रमुख ड्रॅगन. याला उजेड सोसत नाही, म्हणून तो लाल दिव्याच्या अंधाऱ्या खोलीत बसून लोकांचे मृत्यू मंजूर करतो. ‘असा कुठे साहेब असतो का?’ असं विचारणाऱ्यांनी आयुष्यात कधी मंत्रालयात फाइल पाठवलेली नसावी.

पण खरी बोंब पुढे आहे. ज्याला मारायचं तो माणूस आयगरच्या उत्तर भिंतीवर चढाई करणाऱ्या पथकात आहे, एवढं संस्थेला ठाऊक. पथकात हेमलॉकला धरून चौघं. उरलेल्या तिघांतला नेमका कोण, हे संस्थेला ठाऊक नाही. खूण एकच, तो लंगडतो. आयगर चढणारा लंगडा! इथे सगळे प्रेक्षक एकसाथ कपाळावर हात मारतात. पुढचं सांगून टाकतो. पन्नास वर्षांत ज्यांना सवड झाली नाही त्यांनी आता रुसू नये. चढाई फसते, तिघंही मरतात, कुणालाही न मारता हेमलॉक एकटा बचावतो, आणि लंगडणारा निघतो तो डोंगराखाली थांबलेला त्याचा जिवलग दोस्त बेन बोमन. वरिष्ठांना वाटतं, नेमका कोण ते कळेना म्हणून गड्याने तिघांचाही निकाल लावला. शाबासकी मिळते. काम न करता झालेल्या कामाचं श्रेय पदरात पडल्याचा हा शेवटही लोकांना अवास्तव वाटतो. आता काय बोलावं?

मुळात ही सगळी चेष्टा होती. टेक्ससच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाने ट्रेव्हेनियन या टोपणनावाने १९७२ साली ही कादंबरी लिहिली, ती जेम्स बाँड छापाच्या हेरकथांची टर उडवायला. वाचकांनी ती तोंड गंभीर ठेवून वाचली आणि डोक्यावर घेतली. बिचाऱ्याने पुढच्या वर्षी ‘द लू सँक्शन’मध्ये टवाळीचा आवाज आणखी चढवून पाहिला. मारलेला टोला टोला होता हे कुणाला कळलंच नाही की लेखकाचं काय होतं, हे तिरकस सदर चालवणाऱ्याला विचारा. ‘अगदी मनातलं लिहिलंत’ अशी दाद नेमकी त्याच गृहस्थांकडून येते, ज्यांच्यावर लिहिलेलं असतं.

ईस्टवूडही त्याच वाचकांतला. त्याने टवाळी गाळली आणि मसाला तेवढा ठेवला. त्यामुळे आजचे तरुण प्रेक्षक जो आक्षेप घेतात, तो बिनतोड ठरतो. यातल्या बायका नायकाच्या गळ्यात पडायला तरी आहेत किंवा त्याचा गळा कापायला तरी. जेमायमा ब्राउन ही कृष्णवर्णीय हवाईसुंदरी. तिच्या रंगावरून झालेल्या कोट्या तिने हसून साजऱ्या करायच्या. जॅक कॅसिडीने रंगवलेला समलिंगी खलनायक म्हणजे निव्वळ नखऱ्यांचं दुकान, आणि त्याच्या कुत्र्याला नाव दिलंय ते समलिंगींना हासडली जाणारी शिवी. यावर जुन्या प्रेक्षकांचं उत्तर तयार असतं: अहो, तो काळच तसा होता. असेल. फक्त १९७५ हे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेलं आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं, एवढं त्यांच्या कानावर घालतो.

आता पास विषयाकडे. इथे गुण देताना हात आखडावा असं मलाही वाटत नाही.

मॉन्युमेंट व्हॅलीत, नवाहो लोकांच्या भूमीत, टोटेम पोल नावाचा वालुकाश्माचा सुळका आहे. शंभर मीटरहून उंच आणि अंगाने इतका काटकुळा की आपल्या माहुलीजवळच्या वजीरवर जाऊन आलेल्यांच्याही पोटात गोळा यावा. सरावाची चढाई करून हेमलॉक आणि बेन त्याच्या माथ्यावर पोहोचतात. बूड टेकण्यापुरती जागा. बेन विचारतो, बिअर घेणार? हेमलॉकला वाटतं, याला उन्हाचा त्रास झाला. बिअर निघते, आणि ती आलेली असते हेमलॉकच्याच सॅकमधून! पठ्ठ्याने खाली असताना गुपचूप भरून ठेवलेली, वाहिली यानेच. गडाच्या माथ्यावर पोहोचल्यावर ज्याच्या सॅकमधून दुसऱ्याने कोंबलेलं कलिंगड निघालंय, असा प्रत्येक मराठी ट्रेकर या प्रसंगाला उभं राहून दाद देईल. मग हेलिकॉप्टरमधला कॅमेरा मागे मागे जातो आणि कळतं की ते दोघं खरोखरच त्या काठीच्या टोकावर बसलेत. ईस्टवूड आणि जॉर्ज केनेडी, स्वतः. जुन्या चढायांत ठोकलेले पिटॉन काढून न्यायच्या बोलीवर नवाहोंनी परवानगी दिली होती. सिनेमावाले जागा होती त्यापेक्षा साफ करून गेले, असं हे बहुधा एकमेव उदाहरण.

स्वित्झर्लंडमध्येही तोच खाक्या. ईस्टवूडने माइक हूवर या गिर्यारोहक-कॅमेरामनकडून योसेमिटीत प्रस्तरारोहणाचे धडे घेतले आणि डमी न वापरता तो आयगरवर उतरला. शेवटी दोर कापून जो अधांतरी झोकून देतो, तोही ईस्टवूडच. म्हणून हा सिनेमा बघताना प्रत्येक घरात एक वाक्य हमखास उच्चारलं जातं: ‘हे सगळं खरं आहे बरं का, आत्तासारखं कॉम्प्युटरवर केलेलं नाही!’ म्हणणाऱ्याच्या स्वरात असा अभिमान की दोर यानेच धरला होता.

खरं आहेच. किती खरं, तेही सांगतो. १३ ऑगस्ट १९७४. चित्रीकरण नुकतंच सुरू झालेलं. दरड कोसळण्याचा प्रसंग चित्रित झाला आणि मग लक्षात आलं की एक शॉट राहिलाच. वरून येणारे दगड खालच्या गिर्यारोहकाला कसे दिसतात, तो. म्हणजे प्रेक्षकाला आपण स्वतः भिंतीवर आहोत असं वाटायला लावणारा. तेवढ्यासाठी हूवर आणि डेव्हिड नोल्स हा ब्रिटिश गिर्यारोहक पुन्हा रॅपलिंग करत त्या कपारीवर उतरले. काम उरकलं आणि वरून खरी दरड आली. नोल्स जागीच गेला. हूवर जबर जखमी झाला. ईस्टवूडने सिनेमा गुंडाळायचा विचार बोलून दाखवला, पण सोबतच्या गिर्यारोहकांनीच त्याला थांबू नको म्हणून सांगितलं. सिनेमा पुरा झाला. ‘सगळं खरं आहे’ म्हणणाऱ्यांपैकी दहा जणांना नोल्सचं नाव विचारून पाहा.

आयगरला असे प्रेक्षक नवे नाहीत. डोंगर ३९६७ मीटर उंच, त्याची उत्तर भिंत सुमारे १८०० मीटरची, आणि या भिंतीसमोरच क्लायने शायडेग नावाच्या खिंडीत झकास हॉटेल. अंगणात दुर्बिणी. १९३०च्या दशकापासून लोक तिथे कॉफी पीत वर माणसं मरताना बघत आले आहेत. एरवी डोंगरावरचा अपघात कुणाला दिसत नाही. इथे तो टेबलावरून दिसतो. ट्रेव्हेनियनने कादंबरीत या बघ्यांची मनसोक्त रेवडी उडवली आहे. सिनेमातही ते आहेत, पण पडद्यावरच्या बघ्यांकडे बघताना आपल्या हातात पॉपकॉर्न आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आणि ज्या गोष्टीला सगळे अचाट म्हणून नापास करतात, तिचा सर्वांत अचाट भाग घडून गेलेला आहे. १९३६ साली चौघं या भिंतीवर चढत होते. दगडांनी आणि हवामानाने परत फिरवलं. उतरताना तिघं गेले. चौथा, टोनी कुर्झ, दोराला लटकलेला राहिला. डोंगराच्या पोटातून युंगफ्राऊ रेल्वेचा बोगदा जातो. त्याच्या भिंतीतल्या तोंडातून सुटका करणारे बाहेर आले, पार त्याच्या खाली काही मीटरांवर पोहोचले. दोर पुरेना म्हणून दोन दोर एकत्र बांधले होते, आणि ती गाठ कॅराबिनरमधून पार होईना. कुर्झ त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. तिघं मेलेले, एक बोगद्याबाहेर लटकलेला, हाताच्या अंतरावर माणसं: हेमलॉकचा शेवटचा प्रसंग हाच. फरक इतकाच की ईस्टवूडच्या दोराला गाठ नव्हती. १९३८मध्ये जर्मन-ऑस्ट्रियन चौघांनी भिंत सर केली, तेव्हाही खाली दुर्बिणी होत्याच.

आपली मराठी मंडळी तर या डोंगराच्या पोटातूनच जातात. युरोप टूरवर ‘टॉप ऑफ युरोप’ म्हणून ३४५४ मीटरवरच्या युंगफ्राऊयोखला नेतात ना, ती गाडी आयगर पोखरून वर चढते. भिंतीत खिडक्या असलेल्या आयगरवांड स्थानकावर ती पूर्वी पाच मिनिटं थांबायची, उतरून बाहेर डोकावता यायचं. २०१६च्या अखेरीस नव्या गाड्या आल्या आणि तो थांबा गेला. तक्रार कुणी केल्याचं ऐकलं नाही. वर बरीच वर्षं ‘बॉलिवूड’ नावाचं रेस्तराँ होतं, तिथे वेळेत पोहोचणं महत्त्वाचं.

एवढा खरा डोंगर, खरा नायक, खरा मृत्यू. त्याचं फळ काय मिळालं? सिनेमा मे १९७५मध्ये लागला. महिनाभरात त्याच युनिव्हर्सल स्टुडिओचा, झॅनक आणि ब्राउन या त्याच निर्मात्यांच्या जोडीचा, जॉन विल्यम्स या त्याच संगीतकाराचा दुसरा सिनेमा आला: ‘जॉज’. त्यातला यांत्रिक शार्क सतत बिघडायचा, म्हणून स्पीलबर्गने तो बराच वेळ दाखवलाच नाही. नसलेल्या खोट्या माशाला घाबरून लोकांनी समुद्रात पाय घालणं सोडलं. ईस्टवूड खऱ्याखुऱ्या कड्याला लोंबकळत होता, तेव्हा हेच लोक देखाव्याची तारीफ करत होते. जीव मुठीत धरायला लावतं ते कथानक. उंची फक्त दिसते. दोन्ही चित्रपटांना ताल धरून देणारा विल्यम्स एकच होता, त्यामुळे संगीताला दोष देण्याचीही सोय नाही. ईस्टवूडने खापर फोडलं ते स्टुडिओच्या प्रसिद्धी खात्यावर. युनिव्हर्सल सोडून तो वॉर्नर ब्रदर्सकडे गेला आणि तिथेच स्थिरावला. सिनेमा चालला नाही की जाहिरात कमी पडली, हा शोध आपल्याकडच्या निर्मात्यांनी लावलेला नाही, हे यावरून सिद्ध होतं.

या सिनेमावरचं सर्वांत कडक मत मात्र कुठल्या समीक्षकाचं नाही, मूळ लेखकाचं आहे. १९७९मध्ये आलेल्या ‘शिबुमी’ या कादंबरीत ट्रेव्हेनियनने एक तळटीप टाकली. कादंबरीचा बेचव सिनेमा करताना एक उमदा तरुण गिर्यारोहक प्राणाला मुकला, असं त्याने तीत नोंदवलं, आणि म्हणून धोक्याच्या करामतींचं बारकाईने वर्णन करणं आपण सोडलं, असंही. आयुष्यभर टवाळी करणाऱ्या माणसाने टवाळी बाजूला ठेवून लिहिलेला मजकूर, तोही पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत. तळटीप ट्रेव्हेनियनच्या नावावर आहे. त्याच बेचव सिनेमाच्या श्रेयनामावलीत पटकथाकारांची तीन नावं आहेत, त्यांतलं एक रॉड व्हिटेकर. ट्रेव्हेनियनचं खरं नाव तेच.